हापशापुढे फोडलेला भोपळा

मी एका चालू हापशाची पूजा केली आणि अख्ख्या गावाचं पाणी बंद पाडलं.

गाव आफ्रिकेतलं, झांबिया देशाच्या पूर्वेकडचं. हापसा दुरुस्त मीच केला होता आणि बंदही मीच पाडला, त्यामुळे श्रेय वाटून घ्यायला कुणी शिल्लकच राहिलं नाही. निगडीला आमचं रविवारचं भजनी मंडळ आहे. तिथे यंदा प्रत्येकाने आपला एक अनुभव लिहून द्यायचं ठरलं. बाकीच्यांच्या अनुभवात देव रिक्षावाल्याच्या रूपाने येतो, डॉक्टरच्या रूपाने येतो, आणि सांगणारा कसा हात जोडून उभा असतो. माझ्या अनुभवात मी बहुतेक वेळ देवाला शिव्या घालतोय. आमचे चिटणीस म्हणाले, "काका, तेवढं गाळून द्या." मी म्हटलं, अहो, ते गाळलं तर कागद कोरा राहील. म्हणून जसं झालं तसं लिहितो. राग अजून पुरता उतरलेला नाही, हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तक्रार नको.

निघोज्याच्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला होतो. प्रेस, कन्व्हेयर, कॉम्प्रेसर, जे बंद पडेल ते चालू करायचं. बायकोही निघोज्याचीच, तिथल्या जुन्या शेतकरी घरातली. मी परांड्याकडून पोटासाठी आलेला. लग्नात सासऱ्यांकडून हुंडा घेतला नाही, पण त्यांचा देव मात्र घेतला, निमगावचा खंडोबा. पुढे तो त्यांच्यापेक्षा माझाच जास्त झाला, निदान असं मी समजत होतो. रिटायर झालो आणि काळेवाडीच्या फ्लॅटमध्ये करायला काही उरलं नाही, तेव्हा मी घरातल्या चालू वस्तू दुरुस्त करायला लागलो. मिक्सर उघडला, शिलाईमशीन उघडलं. गीझर उघडल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुमी कुठंतरी जावा बघा. लांब." तिच्या मनात बहुतेक तिच्या भावाचा मळा असावा. मी झांबियाला गेलो.

पुण्यातली एक संस्था निवृत्त कारागिरांना तिकडे स्वयंसेवक म्हणून पाठवते. जेवण, राहणं त्यांचं, घाम आपला. शाळेमागच्या एका खोलीत माझा मुक्काम. सकाळी सायकलीला पान्यांची पिशवी बांधायची आणि आसपासच्या वाड्यांवरचे हापसे उघडायचे. आतल्या लोखंडी दांड्या एकेक करून वर ओढायच्या, झिजलेले वायसर बदलायचे, चेनला ग्रीस लावायचं, पुन्हा सगळं खाली सोडायचं. पहिला हापसा बघितला तेव्हा गंमत वाटली. आपल्याकडे खेड्यात देवळापाशी असतो तोच, तेच डोकं, तीच लांब दांडी. बनावटच मुळी हिंदुस्थानातली. परदेशात इतक्या लांब येऊन मी माझ्या मावशीच्या गावचा हापसा खोलत बसलो होतो.

जेवण एस्नातबाईंकडे. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, नवरा शहरात कामाला, घरात त्या आणि नुकती पावलं टाकायला लागलेली त्यांची मुलगी रूथ. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, त्याला शिमा म्हणतात, आणि भोपळ्याच्या पानांची शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी. डोळे मिटून खाल्ली तर सासुरवाडीला जेवतोय असं वाटावं. माझी दुभाषीही त्याच. माझं इंग्रजी म्हणजे कंपनीतलं, नट-बोल्ट आणि 'प्रॉब्लेम काय आहे' एवढंच. पण बाईंना ते कळायचं आणि त्या त्याचं त्यांच्या भाषेत काहीतरी सभ्य करून सांगायच्या. गाव मला बाम्बो म्हणायचं, म्हणजे बाबा. शाळेजवळचा हापसा सुरू झाला त्या दिवशी बायकांनी गुडघ्यात वाकून, ओंजळीसारखे हात करून टाळ्या वाजवल्या. तिकडची ती आभार मानायची रीत. माझी छाती अशी फुगली की काळेवाडीत मावली नसती.

आणि मग खंडेनवमी आली. चाकणच्या पट्ट्यात कुठल्याही कंपनीत त्या दिवशी काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मशीन पुसायचं, हळदकुंकू लावायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं, आणि कोहळ्यात कुंकू भरून तो जमिनीवर फोडायचा. वर्षभर मशीनने कुणाची बोटं घेऊ नयेत, एवढंच मागायचं. मी ते कधी चुकवलं नव्हतं. बॅगेत निमगावचा भंडारा होता, कुंकवाची डबी होती. कोहळा नव्हता, म्हणून एस्नातबाईंकडे साठवणीतला भोपळा मागितला. आज बाम्बो आपल्या देशाची भाजी करणार, या आशेने त्यांनी हसत दिला.

उजाडायच्या सुमारास, कुणी पाण्याला यायच्या आत, मी शाळेजवळचा तो हापसा धुतला. त्याच्या डोक्यावर मळवट भरावा तसं कुंकू लावलं, भंडारा उधळला, दांडीखाली लिंबू ठेवलं, भोपळ्यात कुंकवाचं पाणी भरून तीनदा ओवाळला आणि दणकन फोडला. 'येळकोट'ही केला, चांगला मोठ्याने. मग अंघोळीला निघून गेलो. मागे काय राहिलं? लाल ओघळ आलेला हापसा, पिवळी भुकटी, एक लिंबू, आणि काँक्रीटच्या ओट्यावर लाल भळभळीत काहीतरी फुटून पडलेलं. पहिल्या बाईने ते बघितलं आणि हातातली बादली तिथेच टाकून पळाली. ती बादली पुढे कित्येक दिवस तिथेच पडून होती. कुणी उचलायलाही आलं नाही.

तिकडे करणीची धास्ती आहे. आपल्याकडे नाही असं नाही, पण तेव्हा मला ते सुचलं नाही. मला नुसता संताप आला. मी साबण लावून हापसा घासला, वायरच्या ब्रशने घासला, चकचकीत केला. बायका तिकडे न बघता लांबून वळसा घालून नदीकडे जायच्या. ऑक्टोबर म्हणजे तिकडचा सगळ्यात कडक उन्हाळा. नदी आटलेली, पात्रात खड्डे खणून साचलेलं गढूळ पाणी, त्यातच गुरांची तोंडं. आणि इथे दहा वेळा दांडी मारली की स्वच्छ पाणी देणारा हापसा, ज्याचे वायसर मी माझ्या हाताने बदलले होते, तो उन्हात नुसता उभा.

मग आंब्याखाली सभा भरली. गावचा हेडमन, म्हणजे त्यांचा पाटील, बांदा नावाचा म्हातारा, मला म्हणाला, "सांग, काय केलंस." मी उभा राहिलो. मला वाटलं, आता एका भाषणात सगळं मिटवतो. मी सांगितलं, "आमच्याकडे मशीन कधी कधी माणसाची बोटं घेतं. घेऊ नये म्हणून आम्ही त्याला आधी हे देतो." एस्नातबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "हे असंच सांगू?" मी म्हटलं, "असंच सांगा, शब्द न् शब्द." त्यांनी सांगितलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पोरांना मागे ओढलं. मग मी शहाणपणा करून हापशावर गेलो, सगळ्यांसमोर घटाघटा पाणी प्यायलो आणि तोंड पुसत परत आलो. बांदा शांतपणे म्हणाला, "करणी करणाऱ्याला स्वतःची करणी लागते होय? तू तर पिणारच." मी पुन्हा एकदा तोंड पुसलं आणि खाली बसलो.

पुण्याच्या संस्थेत फोन केला. तिथल्या समन्वयक मुलाचं नाव कौस्तुभ. "काका, चिल. एक अवेअरनेस सेशन घ्या ना. आणि हापशाचे फोटो पाठवा, आधीचा आणि नंतरचा." मी म्हटलं, "अरे भावा, आधी लोक पाणी पीत होते आणि नंतर पीत नाहीत, कशाचा फोटो काढू?" तो म्हणाला, "सनलाइटमध्ये काढा." त्या दिवशी फोन नदीच्या खड्ड्यात जायचा, तो थोडक्यात वाचला.

बायकोला फोन केला, निदान ती तरी आपल्या बाजूने बोलेल म्हणून. तासभर गावाच्या नावाने खडे फोडले. हे लोक अडाणी, हे लोक भित्रे, मी यांच्यासाठी मरतोय. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आपल्या पार्किंगात तुमच्या गाडीपाशी कुणी कुंकवाचं लिंबू टाकलं व्हतं, ध्यानात हाय का? आठवडाभर पीएमटीनं गेलावता कामाला. आन् गाडी मी धुतली." मी म्हटलं, "तो विषय वेगळा." ती म्हणाली, "व्हय व्हय, लई येगळा." मी फोन कापला. बायकोवर चिडलो, कौस्तुभवर चिडलो, बांदावर चिडलो, आणि रात्रंदिवस खंडोबावर. काय चुकलं माझं? नोकरीभर भंडारा उधळला. तुझ्यासाठी सातासमुद्रापार कुंकवाची डबी वाहून नेली, विमानतळावर तिकडच्या साहेबाने पिवळी भुकटी हुंगून मला कोपऱ्यात उभं केलं, तेही सोसलं. तुझी पूजा केली म्हणून जर लोकांचं पाणी तुटत असेल, तर तुझी पूजा करायची कशाला? असं रोज, उठल्यापासून.

इथवर सगळं माझ्या मानापमानाचं होतं. मग रूथ आजारी पडली. जुलाब, उलट्या. खड्ड्यातलं पाणी बाई उकळून घ्यायच्या, पण पावलं टाकणारं पोर ते. शेजारच्या अंगणात गेलं, कुणाच्या तरी मगातलं प्यायलं. दवाखाना सायकलवर निम्म्या दिवसाच्या वाटेवर. तिथून आणलेली साखर-मिठाची पुडी उकळलेल्या पाण्यात कालवून चमच्याने पाजत होतो. मी हापशाची घागर भरून त्यांच्या दारात नेली. एस्नातबाईंनी घागरीकडे बघितलं आणि हात मागे घेतले. म्हणाल्या, "या पाण्यात काही नाही हे मला माहीत आहे. मी वर्गात तेच शिकवते. पण हात पुढे होत नाही, बाम्बो. भोपळा माझ्या घरातला होता. हिला काही झालं तर ती करणी मीच पाजली असं होईल." तेव्हा मला कळलं की त्यांच्या अंगणात हल्ली कुणी शेजारीण येऊन बसत नव्हती. मी घागर उचलली आणि परत आलो. रूथचे डोळे खोल गेले होते. तिच्या हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. ते पोर गेलं असतं, तर मी कुठल्या तोंडाने काळेवाडीला आलो असतो, आणि कुठल्या देवापुढे उभा राहिलो असतो?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी पाने घेऊन हापशापाशी गेलो. ठरवलं होतं, डोकं उतरवायचं, दांड्या काढायच्या, सगळं शाळेच्या खोलीत टाकायचं आणि घरी निघून जायचं. निदान तो उभा राहून मला चिडवणार तरी नाही. पाना बोल्टला लावला आणि खंडोबाशी मोठ्याने भांडायला लागलो. मराठीत. आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि असतं तरी काय कळणार होतं! म्हटलं, "तुला यायचं असेल तर आत्ता ये, नाहीतर पुन्हा कधी तोंड दाखवू नकोस. माझी ओळख विसर. तुझा भंडारा परत घे." खिशातली पुडी काढून फेकलीसुद्धा. ती समोरच्या झुडपात अडकली.

मागून कुणीतरी लोखंडावर टणटण वाजवलं. वळून बघतो तर एक म्हातारी. डोक्यावर रंगीत कापडात बांधलेलं गाठोडं, हातात काळी छत्री. छत्रीच्या टोकाने ती हापशाच्या डोक्यावर ठोकत होती, जसं काही मी दुकानदार आहे आणि गल्ल्यावर झोपलोय. तोंडाकडे बोट नेऊन तिने पाणी मागितलं. इतके दिवस मी तळमळत होतो की कुणीतरी, एकाने तरी, हे पाणी प्यावं. आणि आता मीच दांडीच्या आड उभा राहिलो. हिला काही माहीत नाही. न सांगता पाजायचं? मग मी हातवारे सुरू केले. हापशाकडे बोट दाखवलं, गळ्यावरून हात फिरवला, डोळे पांढरे केले, मान टाकली, मग दोन्ही हात हलवून 'तसं नाही, तसं नाही' केलं. म्हातारीने दारू प्यायलेल्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं, छत्रीने मला ढोसून दांडीकडे ढकललं, आणि ओंजळ लावून वाकली. मी पाना खाली ठेवला आणि हापसायला लागलो. ती प्यायली. खूप प्यायली. तोंड धुतलं, पाय धुतले, ओलं कापड डोक्यावर ठेवलं आणि आंब्याच्या सावलीत आडवी झाली.

नदीवरून येणाऱ्या बायकांनी हे लांबून बघितलं आणि ओरडत धावत आल्या. एस्नातबाईही आल्या. बायकांनी म्हातारीला ओळखलं. ती त्या भागातली जुनी सुईण. त्यातल्या निम्म्याअधिक बायका तिच्या हातावर जन्मलेल्या. आता ती सरहद्दीजवळ लेकीकडे राहायची, या वाटेने येणं-जाणं नव्हतं. त्या दिवशी पुढच्या एका गावी निघाली होती. गाडीत कंडक्टरशी भांडण झालं आणि रागारागाने अलीकडच्याच फाट्यावर उतरली. उतरली आणि तहान लागली. एवढंच.

सगळ्या बायका तिच्याभोवती बसल्या. ती झोपली होती. सगळ्यांचं लक्ष तिच्या छातीकडे, वर होते की नाही, खाली जाते की नाही. मीही बघत होतो, आणि खंडोबाला काय काय कबूल करत होतो ते इथे लिहीत नाही. मंडळात बसणं मुश्कील होईल. एकदा तिचा श्वास अडकल्यासारखा झाला. बायकांच्या तोंडून 'हा' निघाला. आणि मग म्हातारी घोरायला लागली. असं घोरणं मी प्रेस शॉपमध्येसुद्धा ऐकलेलं नाही.

ऊन उतरताना ती उठली आणि म्हणाली, खायला काय आहे? मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एस्नातबाईंमार्फत मला विचारलं, "फोडला तो भोपळा चांगला होता का?"

मी म्हटलं, "होता."

"शिजवला नाही?"

"नाही."

तिने जीभ टाळ्याला लावून असा आवाज काढला, जसा माझी आई काढायची. मग बायकांना काहीतरी सुनावलं. बाईंनी मला नंतर सांगितलं: "मी तुम्हा सगळ्यांच्या आया बाळंत केल्या, कोणत्या पाण्याने धुतलं तुम्हाला, विचारलंत कधी? आणा बादल्या." सगळ्यात आधी एस्नातबाई उठल्या. घरी धावत गेल्या, घागर घेऊन आल्या.

रूथ बरी झाली. दवाखान्याच्या पुडीने झाली म्हणा, हापशाच्या स्वच्छ पाण्याने झाली म्हणा. मी त्यावर कुणाशी वाद घालणार नाही. मी निघालो तेव्हा ती माझ्या पान्यांच्या पिशवीत बसून पाने बाहेर फेकत होती. मला एवढंच कळतं की मी नोकरीभर जी पूजा केली, ती ऑर्डर सोडल्यासारखी केली: हे घे, आणि माझं काम करून दे. देव म्हणजे माझा हेल्पर. आणि ज्या दिवसांत माझ्याकडून काहीच जमेना, भाषण जमेना, हातवारे जमेनात, दुरुस्तीसुद्धा उलटी झाली, त्या दिवसांत मी त्याला जितक्या वेळा हाक मारली तितकी पूर्वी कधी मारली नव्हती. शिवी द्यायला का होईना, पण दुसऱ्या कुणाकडे गेलो नाही. त्याने ती हाक घेतली असेल तर त्याचे उपकार. माझा भंडारा फेकलेला, माझा पाना बोल्टवर, आणि आलं कोण, तर माझ्याहून तापट एक म्हातारी, तीही कंडक्टरवर चिडून. मी आणलेलं त्यात काही नव्हतं. तेव्हापासून नमस्काराला उभा राहिलो की मागणं सुचत नाही. चिडलेला असलो तर चिडलेलाच उभा राहतो. तोही चालवून घेतो.

त्या संध्याकाळी बादल्यांची रांग लागली आणि माझा बांध फुटला. मी त्या ओल्या चिखलात, हापशाच्या ओट्यापुढे, म्हातारीच्या पायांवर साष्टांग लोटांगण घातलं. तिकडे असली रीत नाही. रांग थबकली. म्हातारी पाय मागे न घेता वरून माझ्याकडे बघत काहीतरी बोलली, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच एस्नातबाई हसल्या. मी पडल्या पडल्या विचारलं, "काय म्हणतात आजी?"

"त्या म्हणतात, हा माणूस काही कामाचा असेल तर याला हापसायला लावा. नसेल तर उचलून बाजूला ठेवा, बायका खोळंबल्यात."